पर्सनॅलिटी टेस्ट आणि ‘कर नाही त्याला डर कशाला’वाली पोस्ट

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय, ऑफिसच्या ग्रुपवर पण आली आणि मावसभावांच्या ग्रुपवर पण. म्हणणं असं की कंपनीने पर्सनॅलिटी टेस्ट कंपल्सरी केली तर बोंबलण्यासारखं काही नाही, साधे हो-नाहीचे प्रश्न असतात, जॉइन होताना मेडिकल करतोच ना तसंच हे, ‘आय ॲग्री’ तुम्हीच दाबता, रिपोर्ट एचआरच्या बाहेर जात नाही, आणि डेटाचा नवा कायदा आहेच की. शेवटी ते नेहमीचं, कर नाही त्याला डर कशाला.

बरं, घेऊ एकेक.

साधे प्रश्न? अमेरिकेत टार्गेट नावाची दुकानांची मोठी साखळी आहे, तिने १९८९च्या आसपास कॅलिफोर्नियात दुकानातल्या सिक्युरिटीच्या नोकरीसाठी ७०४ प्रश्नांची टेस्ट ठेवली होती. त्यात काय, तर खरा धर्म एकच आहे असं वाटतं का, स्वतःच्याच लिंगाच्या माणसांचं आकर्षण वाटतं का, आणि पोट साफ होतं का. चोर पकडायच्या नोकरीला पोट साफ होतं का! एक उमेदवार कोर्टात गेला, १९९१ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की धर्माच्या आणि लैंगिक आवडीच्या प्रश्नांचा कामाशी संबंध कंपनीला दाखवता आलेला नाही, मग प्रकरण वरच्या कोर्टात असतानाच १९९३ मध्ये कंपनीने पैसे मोजून मिटवून टाकलं. म्हणजे वरच्या कोर्टाचा निकाल आलाच नाही, हेही खरं.

आता कोणी म्हणेल आमच्या टेस्टमध्ये असलं काही नसतं. नसेल. पण एकेकट्या प्रश्नात काही नसतंच हो, खेळ बेरजेत असतो. ‘रात्री झोप नीट लागत नाही’, ‘छोट्या गोष्टींचं टेन्शन येतं’, ‘लोकांत असूनही एकटं वाटतं’ अशी विधानं मध्ये मध्ये पेरलेली असतात, ती जोडून ‘इमोशनल स्टॅबिलिटी’चा एक आकडा निघतो आणि तुम्ही नुसतं झोपेबद्दल सांगितलं असं तुम्हाला वाटत असताना तिकडे तुमच्या नावापुढे लाल पट्टी आलेली असते.

‘मेडिकलसारखंच’ म्हणून तर लिहिणाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. रेंट-अ-सेंटर नावाच्या अमेरिकन कंपनीत प्रमोशन हवं असेल तर टेस्टचा एक गठ्ठा द्यावा लागायचा, त्यात एमएमपीआयचे ५०२ प्रश्न होते. एमएमपीआय ही मिनेसोटा युनिव्हर्सिटीत तयार झालेली टेस्ट, मूळ उपयोग मानसिक आजार ओळखायला. इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी तुम्हाला दिसतात का, आवाज ऐकू येतात का, असले प्रश्न. कंपनी म्हणाली आम्ही फक्त स्वभाव बघतो, हे मेडिकल नाहीच. २००५ मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं, मेडिकलच आहे, आणि अपंगांच्या हक्काच्या कायद्याखाली प्रमोशनसाठी ती वापरता येणार नाही. तेव्हा मेडिकलसारखंच असेल तर मेडिकलचे नियम पण लावा ना, तिथे का हात आखडता?

रिपोर्ट बाहेर जात नाही, हेही त्याच केसमध्ये बघा. रिपोर्ट फायलिंग कॅबिनेटमध्ये, कॅबिनेट कधी लॉक असायचं कधी नसायचं. तरी प्रायव्हसीचा मुद्दा कर्मचारी हरले, कारण परक्या कोणी ते प्रत्यक्ष वाचले याचा पुरावा देता आला नाही. म्हणजे कुलूप लावायची जबाबदारी त्यांची आणि चोरी सिद्ध करायची तुमची. आता तर कॅबिनेटही राहिलं नाही, टेस्ट बाहेरच्या व्हेंडरची, सर्व्हर त्याचा, मॅनेजरला डॅशबोर्ड.

‘आय ॲग्री’बद्दल जास्त बोलत नाही. शुक्रवारपर्यंत टेस्ट पूर्ण करा नाहीतर अप्रेझल पुढे सरकणार नाही, असा मेल आल्यावर दाबलेलं बटण ही कसली संमती? २०१०च्या सेल्वी केसमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने नार्को आणि लाय डिटेक्टर कोणावरही सक्तीने करायचं नाही म्हणून सांगितलंय. तो फौजदारी मामला होता, नोकरीचा नव्हे, मान्य. पण गुन्ह्यातल्या आरोपीला ‘नाही’ म्हणता येतं आणि ऑफिसातल्या साध्या नोकरदाराला येत नाही, हे जरा विचित्रच.

आणि कायदा. इथे पोस्ट सगळ्यात जास्त फसलीय. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचं सातवं कलम वाचा, ‘नोकरीच्या कारणासाठी’ डेटा वापरायला संमती घ्यायचीच गरज नाही अशी सरळ सूट आहे. त्यात कुठली टेस्ट बसते यावर वाद होईल, पण कंपनीचे वकील याच दारातून आत येणार. आणि माहिती बघायचा, खोडून मागायचा हक्क आहे तो तुम्ही संमतीने दिलेल्या डेटापुरता. म्हणजे कंपनी सातव्या कलमाकडे बोट दाखवणार, आणि तुम्हाला स्वतःचाच रिपोर्ट बघायचा हक्क कायद्याने मागता येणार नाही. शिवाय नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून आणखी १८ महिन्यांची मुदत.

राहिलं कर आणि डर. डर आहे तो अँग्झायटीची गोळी घेऊन रोज वेळेवर काम पूर्ण करून देणाऱ्याला, घरी अजून काही न सांगितलेल्या गे सहकाऱ्याला. यांनी काय केलंय हो? उलट खरा डांबिस माणूस बरोब्बर ‘योग्य’ उत्तरांवर टिक करून पुढे जातो. सगळ्या टेस्ट भंपक आहेत असं नाही, कामातला नेटकेपणा मोजणाऱ्या टेस्टचा कामगिरीशी थोडाफार संबंध दिसतो. पण गंमत म्हणजे सोळा टाइपवाली मायर्स-ब्रिग्ज, जी टीम बिल्डिंगला सगळ्यांना करायला लावतात, तिचे मालकच सांगतात की ती ऐच्छिक असावी आणि माणसं निवडायला वापरू नये.

तुमच्याकडे लिंक आलीच तर आधी एचआरला विचारा: माझी एकेक उत्तरं कंपनीला दिसणार की फक्त रिपोर्ट, मॅनेजरला काय दिसणार, व्हेंडर किती वर्षं ठेवणार, नोकरी सोडल्यावर उडवणार का, आणि प्रमोशनला वापरणार का. विचारा मेलवरच, फोनवर ‘अरे ते फॉर्मॅलिटी आहे रे’ एवढंच मिळतं.