जीभ तीच, आकडे वेगळे

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरून येतो: ‘शुगर वाढते ती जिभेवर ताबा नसल्यामुळे. साखर बंद, गूळ चालेल. भात बंद, भाकरी हवी तेवढी. घरच्यांनी कडक व्हावं. तरी फरक नाही पडला, तर त्या माणसालाच बरं व्हायचं नाही.’ खाली जोडलेले हात.

गुळाचं लगेच आटपू. गुळातही बहुतांश साखरच. पोटात गेल्यावर तिचा रंग कोण बघतो?

भाकरी चांगलीच, चोथा असतो. पण ज्वारीच्या पिठातही दोन तृतीयांशाच्या आसपास कर्बोदकंच असतात, त्यामुळे मेसेजमधलं ‘हवी तेवढी’ घात करतं. भात सोडला या आनंदात बाबा रात्री पिठल्याबरोबर तीन भाकऱ्या हाणायचे. दोन तासांनी मशीन २४० दाखवायचं आणि बाबा मशीनला नावं ठेवायचे.

आता ‘कडक व्हा’. झालो होतो. आईने फराळाच्या कपाटाला कुलूप घातलं. मग धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात चिक्कीचा कागद सापडला. त्याचं एवढं नाही. पण बोलणी टाळायला बाबा डायरीत खोटे आकडे लिहायला लागले, आणि डॉक्टर गोळ्या ठरवत होते ते त्याच आकड्यांवरून. एकदा चिडून जेवलेच नाहीत. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र घेतलेली. शुगर ७० च्या खाली, दरदरून घाम, हात थरथरताहेत. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी लागली. ती शेजारून आणली, कारण आमच्याकडे ‘साखर बंद’!

राहिलं ते ‘त्या माणसालाच बरं व्हायचं नाही’, म्हणजे निर्धार कमी पडतो. ब्रिटनमध्ये मधुमेहींवर झालेल्या ‘डायरेक्ट’ या संशोधनाचे निकाल २०१७ साली आले. कुठल्या दवाखान्याने कोणती पद्धत वापरायची हे सोडत काढून ठरवलं होतं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींची सूप-शेक, मग हळूहळू रोजचं जेवण, आणि सोबतीला प्रशिक्षित नर्स किंवा आहारतज्ज्ञाच्या ठरलेल्या भेटी. वर्षाअखेर गोळ्यांशिवाय मधुमेह आटोक्यात आलेले पहिल्या गटात ४ टक्के, दुसऱ्यात ४६. आता सगळे निर्धारी लोक सोडतीत नेमके एकाच बाजूला कसे गेले असतील? (हे घरच्या घरी करून बघू नका. ते लोक इन्सुलिनवर नव्हते, निदानाला सहा वर्षं झाली नव्हती आणि डॉक्टरांचं लक्ष होतं.) दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले. काहींचं पुन्हा बिघडतं, म्हणून तर सोबत लागते.

आमच्याकडे आता कुलूप नाही. आधी काकडी आणि उसळ, मग एक भाकरी, अर्धी वाटी भात. आईचंही ताट तसंच. पाडव्याच्या दिवशी डायरीत २१२ आहे. पुढे बाबांच्याच अक्षरात: ‘श्रीखंड, दोन वाट्या.’