आमसुली रंगाचा रेझिस्टर

वागळे इस्टेटमधल्या भंगारवाल्याकडून पॅकमॅनचा बंद पडलेला बोर्ड घरी आणला, तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे आता दिवाळीपर्यंत हे जेवणाच्या टेबलावर." कुठल्या वर्षीची दिवाळी, ते मी विचारलं नाही.

हा 1980 चा, नामको या जपानी कंपनीचा व्हिडिओ गेम. शाळेत असताना नौपाड्यातल्या पार्लरमध्ये खाऊचे पैसे या पिवळ्या तोंडाला चारले होते, ते वसूल करायचे होते. झेड-80 प्रोसेसर लगेच ओळखला. चाळीस पायांची घोण, वर अंगावर नाव लिहिलेलं. मग आला रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा चिमुकला भाग. त्याला नाव नाही, नुसते पट्टे, आणि त्यांच्या रंगांवरून अडवण्याचा आकडा ओहममध्ये ओळखायचा. पिवळा, जांभळा आणि पुढे लाल असेल तर 4,700 ओहम, तपकिरी असेल तर 470, नारिंगी असेल तर 47,000. आणि इतकी वर्षं तापून तिन्ही रंगांचा गूळ झालेला.

आईला दाखवलं. उजेडाकडे धरून म्हणाली, "लाल कुठाय? आमसुली आहे."

"आमसुलीला आकडा नाही गं."

"मग ठरवणाऱ्यानं साडीचं दुकान पाहिलं नसेल. आणि तो मधला जांभळा नाही, वांगी आहे."

ओहम मोजायला मल्टिमीटर लावला तर बोर्डावरचे शेजारीपाजारी मध्ये बोलायला लागले. शेवटी एक पाय सोडवून मोजला. 4.68 किलोओहम. म्हणजे सरकारी भाषेत लाल.

एक आयसी, म्हणजे चिप, गेलेली वाटली. वरचं 74एलएस00 पुसट, खालचं 8319 मात्र ठसठशीत. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ऐटीत सांगितलं, "8319 दोन द्या." काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "काका, ती तिची जन्मतारीख आहे. 83 साल, एकोणिसावा आठवडा." म्हणजे कपिलनं लॉर्ड्सवर कप उचलला त्याच्या दीडएक महिना आधीची. मी जन्मतारीख सांगून स्थळ शोधत होतो! नाव सांगितल्यावर मिळाली, किरकोळ पैशांत. येण्याजाण्याचं लोकलचं तिकीट मात्र हिशेबात धरू नये.

राहता राहिले कॅपॅसिटर, वीज साठवणारे. डब्यासारख्या इलेक्ट्रोलिटिक जातीवर पट्टा असतो तिकडे मायनस. हे मी शनिवारी शिकलो. थेंबासारख्या टँटलम जातीच्या कॅपॅसिटरवर पट्टा असतो तिकडे प्लस. हे रविवारी शिकलो, साधारण सकाळी अकराला, बारा व्होल्ट दिल्यावर.

फट्!

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मोहरी उडाली का रे?"

"कॅपॅसिटर उडाला."

"कुठल्या रंगाचा होता?"

"होता पिवळा," मी खिडकी उघडत म्हणालो. "आता आमसुलीच म्हण."