ईएफ ६० म्हणजे हार्ट ओके? थांबा जरा

अटॅकनंतर इकोमधे (हार्टच्या सोनोग्राफीत) ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ५५-६० टक्के आला की हार्ट एकदम फिट, असा एक मेसेज फिरतोय, तो अर्धवट आहे. ईएफ सांगतो फक्त दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडलं ते, पण ठोका झाल्यावर स्नायू सैल पडून हार्ट रक्ताने परत भरायला पण हवं ना! आणि गंमत म्हणजे सैल पडायलाही एनर्जी लागते, पेशीतलं कॅल्शियम पंप करून परत साठ्यात टाकावं लागतं, रक्तपुरवठा तुटला की हे काम पहिल्या काही सेकंदातच मंदावतं. नंतर मेलेल्या भागात कोलॅजेनचा व्रण बनतो, तो ताठर. मग आतलं प्रेशर वाढून फुप्फुसाकडे उलटं जातं, जिन्यात धाप लागते. रिपोर्टमधे ‘डायस्टॉलिक डिसफंक्शन’ लिहिलंय का बघा, ते हेच.