‘फोटोतल्या लाटा कुठे गेल्या?’ : दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सर्फिंग क्लासबद्दल तुमच्या तक्रारी अशा: फोटोतल्यासारख्या लाटा नव्हत्या, सुट्टीत पहाटे उठवलं, ‘लहान मुलांचा स्पंजचा बोर्ड’ दिला, पत्नीच्या पोटावर आणि काखेत पुरळ उठलं, दुसऱ्या दिवशीचा क्लास अर्ध्यात आटोपला आणि टॅक्सीने खिसा कापला. यातल्या दोन चुका सरळ आमच्या आहेत. त्या आधी घेतो.

फोटो. पानावर सगळ्यात वर होता तो मे महिन्यातला, पावसाच्या आधीचा. खाली महिना लिहिलेला नव्हता. तो बघून डिसेंबरात कुणी छातीएवढ्या लाटेची अपेक्षा धरली तर दोष त्याचा नाही. तो काढून आता डिसेंबरातला, गुडघाभर लाटेचा फोटो लावलाय. दिसायला अगदीच साधा आहे, पण खरा आहे.

दुसरी चूक लायक्राची, म्हणजे पाण्यात घालायच्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या टी-शर्टची. बुकिंगमध्ये पूर्ण बाह्यांचा लायक्रा मिळेल असं लिहिलं होतं, पण त्या सकाळी लहान माप संपलं होतं आणि वहिनींना मोठ्या मापाचा दिला. ढगळ लायक्रा बोर्डवर पालथं पडलं की वर सरकतो. स्पंजच्या बोर्डचा पृष्ठभाग पाय घसरू नये म्हणून मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. त्यावर उघडं पोट तासभर मागे-पुढे घासलं, मध्ये मीठ आणि वाळू, की पुरळ येणारच. सुती टी-शर्टने तर आणखी हाल होतात, तो वाळू धरून ठेवतो. एक्स-एस आणि एस मापाचे लायक्रा आता आणले आहेत. त्या सकाळचं वहिनींचं शुल्क परत करतो आहोत.

बाकीचं मात्र समुद्राचं वेळापत्रक आहे, ते आमच्या हातात नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी गोव्याचा समुद्र वर्षातला सर्वात शांत. लाट गुडघ्यापासून फार तर कमरेपर्यंत. मोठी लाट एप्रिलअखेर-मेमध्ये येते. जूनपासून ती इतकी बेफाम असते की किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात आणि पाण्यात उतरायला बंदी असते. पहिल्यांदा बोर्डवर चढणाऱ्याला डिसेंबरच चांगला. छातीएवढ्या लाटेत नवखा माणूस उभं राहायला शिकत नाही, फक्त पाणी पितो.

पहाटेचं कारण शाळेच्या भूगोलातच आहे: मतलई वारे आणि खारे वारे. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा सकाळी लाटेला समोरून थोपवतो, त्यामुळे ती नीट उभी राहून सावकाश फुटते. दहा-अकराच्या सुमारास वारा फिरतो, समुद्रावरून येतो आणि पाण्यावर सगळीकडे वेड्यावाकड्या बारीक लाटा उठायला लागतात. दहाचा क्लास आम्ही पैसे घेऊनही देत नाही. (३१ डिसेंबरच्या आठवड्यात साडेसहाला वाळूवर उभं राहणं ही शिक्षा वाटते, मान्य आहे.)

त्यात भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पहिल्या दिवशी भरती नऊच्या आसपास पूर्ण होणार होती म्हणून साडेसहाला बोलावलं, दुसऱ्या दिवशी सव्वासातला. तुम्ही सव्वाआठला आलात. आमच्या इथे भरती चढत आली की लाट लांबवर न फुटता किनाऱ्याला टेकूनच धाडकन कोसळते. तिथे पाणी घोटाभर आणि खाली टणक वाळू. खांदा, मान दुखावण्याचे प्रकार तिथेच होतात. म्हणून नऊ वाजून पाच मिनिटांनी सगळ्यांना बाहेर घेतलं. त्या दिवसाचे पैसे परत होणार नाहीत.

आता बोर्ड. तुमचं वजन ८० किलोच्या वर, म्हणून ९ फुटी दिला. लाट लहान आणि कमजोर असली की उचलून धरायचं काम बोर्डच्या आकारमानाने करावं लागतं. तुम्ही मागितलेला ६ फुटी कडक बोर्ड साधारण ३० लिटरचा. हा ८० लिटरच्या पुढचा. त्या ३० लिटरवर गुडघाभर लाटेत तुमच्याखालून लाट निघून गेली असती. शिवाय तो डोक्यावर आपटला तर टाके पडतात.

तुमचा बोर्ड पुन्हा पुन्हा नाकावर बुडत होता, त्याला कारण बोर्ड नव्हता. तुम्ही वीतभर पुढे झोपत होता. पाण्यात बोर्डचं नाक दोन-तीन बोटं वर दिसायला हवं. बुडलं तर मागे सरका, फार वर आलं तर पुढे. उठताना तळवे बरगड्यांशेजारी सपाट ठेवायचे, बोर्डच्या कडा धरायच्या नाहीत. तुम्ही दर वेळी आधी गुडघे टेकवत होता. गुडघ्यावर आलं की वजन पुढे पडतं, मागचा पाय उशिरा येतो आणि बोर्ड आडवा होतो. नजर पायाकडे गेली की माणूस पायाकडेच पडतो. खोलीत फरशीवर रेघ आखून रोज २० वेळा उठा, पुढच्या वेळी फरक कळेल.

संध्याकाळी जीवरक्षकाने शिट्टी मारून बाहेर काढलं याचाही राग तुमच्या लिहिण्यात आहे. तुम्ही पोहत होता ती जागा शांत दिसत होती: दोन्ही बाजूंना फेस, मध्ये गडद, सपाट पट्टा. तीच ओढीची जागा. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जातं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. कधी सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहा, फेस लागला की किनाऱ्याकडे या. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरा.

टॅक्सीचं म्हणाल तर तुम्ही दाबोळी विमानतळावर उतरलात. तिथून आश्वेला दीड-दोन तास लागतात. आम्ही पेडणे तालुक्यात आहोत, मोपा विमानतळ आमच्याच तालुक्यात आहे. रेल्वेने आलात तर पेडणे स्टेशन जवळ, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, थिवी धरा. स्कूटर भाड्याने घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि पोलिसांनी अडवलं की खोळंबा तुमचाच.

वहिनींच्या शुल्काची रक्कम बुकिंग केलेल्या खात्यावरच पाठवतो. तुमचा चष्माही इथे राहिलाय, वाळूत सापडला, एका काचेला ओरखडा आहे. मेसेजवर पत्ता कळवलात तर पार्सल करतो.