आरओला पंप, पंपाला पंप

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओच्या यंत्राची टाकी रात्रभरात भरेनाशी झाली, की सुज्ञ गृहस्थाने कारणाच्या मागे लागू नये. कारण सापडलेच तर ते बहुधा दोन-तीनशे रुपयांचे निघते आणि पाण्याचा दाब वाढवणारा बूस्टर पंप घेण्याचा उत्साह जागच्या जागी मावळतो. तेव्हा आधी पंप आणावा; निदान काय, नंतर सवडीने करता येते.

पंपाची बाजू भक्कम आहे, हे कोणीही मान्य करील. मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या अतिबारीक चाळणीतून, पाणी रेटायचे तर सुमारे ६० पीएसआय दाब हवा. दहा मीटर उंचीवरच्या पाण्यामुळे साधारण १४ पीएसआय मिळतात. म्हणजे केवळ गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावर राहायचे, तर ती आपल्या नळापेक्षा चाळीस-बेचाळीस मीटर वर असायला हवी. माझ्यासारख्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या डोक्यावर ती जेमतेम तीन मीटरवर असते. हा हिशोब मी येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर ऐकवत असे. त्यात उणीव एवढीच होती, की यंत्र बनवणाऱ्यानेही तो आधीच करून ठेवला होता. पुढे एकदा झाकण उघडले, तेव्हा आत २४ व्होल्टचा एक मुठीएवढा बूस्टर पंप चार वर्षे निमूटपणे राबत असलेला आढळला. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती यंत्रांत तो असतोच. म्हणूनच सांगतो, झाकण उघडू नये.

दुसरा पंप बसवताना पहिल्या फिल्टरकडे पाहण्याचा मोह आवरावा. सेडिमेंट फिल्टरची कांडी नवी असताना पांढरीशुभ्र असते. माझी बाहेर निघाली ती गुळाच्या ढेपेच्या रंगाची, आणि बोट फिरवले तर पावसाळ्यातला गाळ बोटावर येत होता. आतला बिचारा पंप या गाळातून पाणी ओढू पाहत होता आणि सर्दी झालेल्या माणसासारखा घरघरत होता. अशा वेळी कांडी बदलणे हा अगदीच सामान्य बुद्धीचा उपाय झाला. त्याऐवजी फिल्टरच्या आधी जोरदार पंप लावावा आणि गाळाला मागून ढकलावे. फिल्टरचे भांडे आट्यांपाशी पाझरू लागते, ओट्याखाली तळे साचते, तळ्यात कांदे-बटाट्यांची टोपली भिजते. पण दाब वाढला, हे कोणालाही नाकारता येत नाही.

पंपाबरोबर लो प्रेशर स्विच नावाची एक चिमुकली डबी येते. नळाला पाणी नसले, की ती पंप बंद ठेवते. ही अडवणूक खपवून घेऊ नये. तिच्या दोन वायरी एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली, की पंप स्वतंत्र होतो आणि पाणीकपातीच्या दिवशीही दिवसभर कोरडा फिरत आपले कर्तव्य बजावतो. त्याचा पडदा लवकर फाटतो, हे खरे. परंतु तिसऱ्या पंपाची वेळ एरवी आली असती कशी?

वाया जाणाऱ्या पाण्याचा पाइप हाही कल्पक माणसाचा प्रांत आहे. त्यावरची फ्लो रिस्ट्रिक्टर नावाची कांडी पाणी अडवते, म्हणून ती काढून टाकणारे काही आहेत. मग मेम्ब्रेनवर दाबच टिकत नाही आणि पंपाची सगळी मेहनत थेट मोरीत वाहून जाते. उलट, काटकसरी माणसे पाण्याची नासाडी पाहवत नाही म्हणून त्या पाइपाला चिमटा लावतात. बाहेर जायचे क्षार मग मेम्ब्रेनवरच बैठक मारतात. दोन्ही पंथांत एका मुद्द्यावर एकमत आहे: पंप कमी पडतो.

आता शेवटची पायरी: मीटर. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे, मोजणारा मीटर घरात असल्यास तो लपवून ठेवावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो, आणि त्याहून कमी टीडीएसच्या पाण्यासाठी आरओ वापरू देऊ नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्र सरकारला सांगितले होते. आमच्या नळाला धरणाचे पाणी येते. मीटरने १३० दाखवले. आरओतून ते वीसवर आले, चव बेचव झाली, तेव्हा सर्व्हिसवाल्याने आतला एक स्क्रू फिरवून मेम्ब्रेनला वळसा घालून आलेले नळाचे पाणी पुन्हा शुद्ध पाण्यात मिसळले. त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. पंपाने दाबून गाळायचे आणि स्क्रूने परत कालवायचे, असा हा दुहेरी सन्मान आमच्या धरणाच्या वाट्याला आला.

वाया गेलेल्या पाण्याने फरशी पुसावी, असे काही जुन्या वळणाचे लोक सुचवतात. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मात्र त्याहून तडफदार सूचना आली आहे: प्रत्येक घरातले ते पाणी आणखी एका पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावे. माझा तिला मनःपूर्वक पाठिंबा आहे. मेम्ब्रेनने वेगळे काढलेले क्षार रोज टाकीत परत जातील, टीडीएस चढत राहील, आणि सगळ्या बिऱ्हाडांनी चिकाटी दाखवली तर आरओ घेण्याला अखेर काहीतरी कारणही मिळेल.