आधी दोरी, मग डायनोसॉर
मुलांना डायनोसॉर शिकवण्यावरच्या एका लेखात स्टेगोसॉरस आणि टी. रेक्स या दोन डायनोसॉरची खेळणी एकाच टेबलावर मांडायला सांगितलंय. तिथेच गडबड होते. दुसरीतल्या मुलांना ते एकाच काळातले शेजारी वाटतात. त्याऐवजी अडीच मीटर सुतळी भिंतीला ताणून लावा (इलास्टिक नको, खुणा सरकतात). 1 सेंमी म्हणजे 10 लाख वर्षं. उजवं टोक ‘आज’. तिथून 66 सेंमीवर टी. रेक्सचा शेवट, दीड मीटरवर स्टेगोसॉरस, 2 मीटर 30 सेंमीच्या आसपास पहिले डायनोसॉर. चिमटे मुलांनाच लावू द्या. माणसाचा काळ जेमतेम 3 मिलिमीटर, म्हणून चिमटा नको, पेनाची रेघ मारा. सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा तुकडा मात्र 66च्या खुणेपाशीच टांगा. तो दगड ज्या लाव्हापासून बनला, तो लाव्हा त्याच सुमाराचा.