गाडी मिसिंग मारतेय

माझी जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल बंद पडत नाही. पडली असती तर बरं झालं असतं. बंद गाडी ढकलत नेताना माणूस निदान सहानुभूतीला पात्र दिसतो. माझी गाडी मिसिंग मारते. म्हणजे किकला सुरू होते, छान टुरटुरते, पहिल्या-दुसऱ्या गिअरला गुणी मुलासारखी वागते. आणि मी खुशीत येऊन जरा रेस पिळली, की ऐन भाषणात उचकी लागलेल्या पुढाऱ्यासारखी फट्... फट्... फट्! रेस कमी करा, पुन्हा साळसूद.

टू-स्ट्रोकचं इंजिन म्हणजे साधा कारभार. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पेट्रोल येतंय का, हवा नीट मिळतेय का आणि ठिणगी वेळेवर पडतेय का, एवढंच बघायचं. असं कुणी सांगितलं की कुठल्याही सुशिक्षित माणसाला वाटतं, हे आपल्यालाही जमेल. मला वाटलं.

शनिवारी सकाळी मी पहिलं काम काय केलं, तर टाकी उतरवली. का, ते आजही सांगता येणार नाही. दुखणं गुडघ्याचं असलं तरी डॉक्टर आधी जीभ दाखवायला सांगतात, तसंच काहीसं असावं.

"प्लग बघितलात का?" शेजारचे काका वर्तमानपत्राआडून म्हणाले.

त्यांचा मान ठेवायचा म्हणून ठिणगी पाडणारा तो प्लग काढला. काळा आणि तेलकट. उन्हात धरला तर आतल्या टोकापासून वरच्या वाकड्या दांडीपर्यंत काजळीचा एक तंतू गेलेला. पापणीच्या केसाएवढा, मध्ये किंचित वाकलेला. ०.६ मिलिमीटरच्या त्या फटीवर जळक्या तेलाने पूल बांधला होता. वीज मुळात आळशी. तिला ती फट उडी मारून ओलांडायला लावायची म्हणून कॉईल, पॉईंट, कंडेन्सर एवढा लवाजमा. पण पूल दिसला की ती मुकाट चालत पलीकडे जाते, आणि ठिणगी पडायची राहते. मी नखाने टिचकी मारली. पूल उडाला. प्लग घासला, लावला, टाकी बसवली.

खरं सांगायचं तर मला हे पटलंच नव्हतं. पंधरा दिवस छळणाऱ्या दुखण्याचं कारण एवढंसं? पेट्रोल आणि हवा मिसळणारा 'कार्बुरेटर' म्हटलं की कसं भारदस्त वाटतं! आणि झालंही तसंच. चक्कर मारायला निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो, रेस दिली आणि फट्... फट्...

"काका, प्लग नव्हता."

"परत बघा," काका म्हणाले. काहींचं ज्ञान एका वाक्याचं असतं.

रविवारी कार्बुरेटर उघडला. खालच्या वाटीत गंजाची चिमूटभर भुकटी होती. ती पाहून मला गुन्ह्याचा पुरावा सापडल्याचा आनंद झाला. पायलट जेट म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक नळी; तिच्या भोकातून आकाश दिसतंय का ते पाहिलं. दिसलं, फारच थोडं. जेट तोंडाने फुंकू नये असं सगळे सांगतात आणि फुंकतात सगळेच. पेट्रोलची चव जिभेवर दुसऱ्या दिवशीही असते. पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची क्लिप पाचांपैकी कुठल्या खाचेत होती, हे सुई बाहेर आल्यावर आठवेना. मधल्या खाचेत बसवली. वादात पडायचं नसलं की मी एरवीही तेच करतो.

मग तेलाकडे वळलो. आजवर मी पेट्रोलमध्ये तेल 'हाताच्या अंदाजाने' घालत होतो, आणि हात उदार. आता मोजून घातलं: लिटरला २५ मिलिलिटर, म्हणजे ४०:१. तेल वाढवलं की इंजिनाचं भलं होतं, असा माझा समज होता. होतं उलटंच: जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात तेल जितकं जास्त तितकं पेट्रोल कमी, शिवाय प्लगवर काजळी. ही माहिती मी बायकोला उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "हात धुऊन ये."

पुढच्या शनिवारी पॉईंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणारी दोन टोकं. पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजने ०.३५ मिलिमीटरची फट लावली, वर व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा दोन टोकांमधून ओढून तेलाचा अंश काढला. (ते कार्ड माझंच होतं. हुद्द्याचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.) मग ठिणगीची परीक्षा: प्लग वायरच्या टोपीत खोचून इंजिनाच्या हेडवर टेकवायचा आणि किक मारायची. काकांनी किक मारली. प्लग मी हाताने धरला होता. कसा धरू नये, ते मला कोपरापर्यंत कळलं.

"आहे करंट," काका समाधानाने म्हणाले.

नंतर प्लग नीट हेडला टेकवून पाहिलं. ठिणगी निळी, टक्क, देखणी. मग इग्निशन, म्हणजे ठिणगीचा सगळा कारभार, निर्दोष! राहता राहिलं क्रँकचं ऑइल सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीचं रबरी कडं. ते गेलं की इंजिन भलतीकडूनच हवा ओढतं. बदलायचं तर कधीकधी अख्खं इंजिन फोडावं लागतं. ही शंका मी जेवताना बोलून दाखवली. इंजिन फोडल्यास त्याचा एकही तुकडा घरात येणार नाही, एवढंच उत्तर मिळालं.

त्या रात्री झोप येईना. खाली गेलो, दिवा न लावताच गाडी सुरू केली आणि उगाच रेस दिली. टाकीखाली काहीतरी चमकलं. वाकलो. पुन्हा रेस, पुन्हा तेच. फ्रेमच्या कडेला बारीक निळा काजवा, टिक् टिक् टिक्. प्लगची वायर टाकी आणि फ्रेमच्या मध्ये चेमटली होती. वरचं रबर कापलेलं. तिथून वीज परस्पर फ्रेममध्ये उतरत होती.

मग सगळं उलगडत गेलं. उघड्या हवेत प्लगची फट ओलांडणं सोपं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच उडी फार अवघड. रेस कमी असताना आत भरणा कमी, दाब कमी, म्हणून तिथे जमून जायचं. रेस दिली की दाब वाढायचा आणि बाईसाहेब बाहेरच्या सोप्या वाटेने निघायच्या. टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला ठिणगी लागते. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०. त्यातल्या किती माझ्या फ्रेममध्ये जिरल्या, कुणास ठाऊक.

मी जिन्यावर बसलो. कापलेली कड ताजी होती, अजून धूळही बसली नव्हती. म्हणजे ही वायर पहिले पंधरा दिवस धडधाकट होती. म्हणजे टाकी बसवताना चेमटली. टाकी कुणी बसवली होती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आणि त्याआधीचं मिसिंग? ते मी पहिल्याच शनिवारी, नखाच्या एका टिचकीने, घालवलेलं होतं.

सकाळी नवीन वायर टाकली. गाडी तिसऱ्या गिअरला पूर्ण रेसवर वाऱ्यासारखी गेली, एक फट् नाही. परत आलो तर काका गॅलरीत.

"सापडलं का काही?"

"इग्निशन," मी हेल्मेट काढत म्हणालो. "हाय टेन्शन लीकेज. लोडवर यायचं फक्त. पकडायला अवघड असतं."

"अरे वा." काकांनी पान उलटलं. "आणि प्लग?"

"तो... साफ केला होता. पहिल्या दिवशी."

काकांनी वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर धरलं. बराच वेळ ते नुसतं हलत होतं.